पदरचे दहा टक्के

सासूबाईंना दोन मुली, त्यामुळे जावईही दोन. थोरले जावई पंप देतात आणि धाकटे जावई पंप बिघडवतात, अशी ओळख त्या घरी येईल त्याला करून देत. त्यात गंमत होती आणि थोडी खोचही होती, कारण धाकटीकडे कंपनीचं घर आणि कंपनीची गाडी होती आणि थोरलीकडे यातलं काहीच नव्हतं. पण ओळख खोटी आहे असं कुणाला म्हणता आलं नसतं.

थोरल्यांचा जन्म पंपांच्या एका कारखान्यात गेला होता. गिऱ्हाइकाने सांगायचं की आमच्याकडे अमुक एक पातळ पदार्थ आहे, इतका गरम, इतका आंबट, तो इतक्या उंचीवर चढवायचाय, तासाला इतका. मग थोरल्यांनी सांगायचं की तुम्हाला हा पंप लागेल, या मापाचा, या धातूचा, या वेगाने फिरणारा. साधं पाणी चढवायचं असेल तर हे कुणीही सांगतं. थोरल्यांच्या टेबलावर यायचं ते सगळं नतद्रष्ट. उकळायच्या बेताला आलेलं आम्ल, वाळू मिसळलेलं आम्ल, जरा निवलं की पाइपातच दगड होऊन बसणारं आम्ल. असल्यांशी इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस थकतो, आणि थोरले थकले होते. निवृत्ती समोर दिसत होती, पण ती जवळ यायच्या ऐवजी जागच्या जागी उभी राहून आपली मजा बघतेय असं त्यांना हल्ली वाटायचं.

एका सुट्टीच्या दुपारी ते कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते, तेव्हा धाकट्यांचा फोन आला.

“पंपवाले, तो परत गेला हो.”

‘गेला’ ऐकून थोरल्यांच्या डोळ्यांसमोर आधी माणसंच आली. नात्यात दोनतीन माणसं आजारी होती. मग लक्षात आलं की गेला तो पंप. या दोघा साडूंनी एकमेकांना काय म्हणायचं याचा निकाल पूर्वीच लागला होता. थोरले ‘पंपवाले’ आणि धाकटे ‘प्लँटवाले’. धाकटे एका रसायनांच्या कारखान्यात प्लँटचे प्रमुख होते.

“कुठला?”

“मोठ्या टाकीखालचा. वर्षात तिसऱ्यांदा प्लँट बंद. सील उडालं, आणि या वेळी फिटर बाजूलाच उभा होता. हात भाजलाय त्याचा, कोपरापर्यंत.”

थोरल्यांनी पाय पाण्यातून बाहेर काढले.

“वरून निरोप आलाय,” धाकटे पुढे म्हणाले. त्यांचा आवाज एरवी भरदार असायचा, आज त्यात हवाच नव्हती. “आणखी एकदा प्लँट बंद पडला तर खुर्ची खाली करा म्हणून. याच शब्दांत. उद्या येता का?”

“आमच्याकडचं तुम्हाला चालत नाही ना पण.” थोरल्यांनी टोला मारून घेतला. साडूच्या कारखान्यातून माल घेतला तर लोक नावं ठेवतील, या धास्तीने धाकट्यांनी आजवर त्यांच्याकडून एक नटसुद्धा घेतला नव्हता. मोठ्या टाकीखालचा पंपही दुसरीकडचाच होता.

“लोकांचं ऐकायला आता वेळ कुठे आहे? फक्त एक सांगून ठेवतो. या खेपेला हत्तीसारखा पंप द्या. आहे त्याच्या दीडपट. परत कुणी माझ्याकडे बोट दाखवता कामा नये.”

फोन ठेवला तर स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी. “धाकटीकडचा होता? काय म्हणतात?”

“त्यांची नोकरी एका पंपाला टांगली आहे.”

“मग उतरवा की,” ती म्हणाली आणि आत गेली. बायकोला वाटायचं की नवऱ्याला पंपातलं सगळं कळतं. थोरल्यांना वाटायचं की ती अर्धीच गोष्ट आहे, उरलेली अर्धी माणसांत असते आणि तिथे आपलं काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी ते प्लँटवर गेले. फाटकावर त्यांना एक पिवळं हेल्मेट, कानात घालायचे बोळे आणि पायांना एक माप मोठे असलेले बूट मिळाले. ते बूट ओढत ते दोन मजल्यांएवढ्या टाकीखाली पोचले. घशात उतरून बसणारा आम्लाचा वास, डोक्यावर पाइपांचं जाळं, पायाखाली लोखंडी जाळीची जमीन. फुटलेला पंप खोलून बाजूला ठेवला होता आणि त्याच्या जागी तसाच दुसरा बसवून चालू केला होता. त्याच्या पायाशी पांढऱ्या खड्यांचा थर साचला होता. या टाकीतलं आम्ल गरमही होतं आणि त्यात हे बारीक खडेही होते. दोन्ही मिळून जे काय व्हायचं ते पंपाचं होत होतं.

थोरल्यांनी चालू पंपाच्या बेअरिंगवर तळहात टेकवला आणि लगेच काढला. थरथर दंडापर्यंत आली. आतून आवाज येत होता तो सुपात गारगोट्या पाखडल्यासारखा. त्यांनी पाइपावरून नजर वर नेली. पंपातून बाहेर पडणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद होता.

“हा असा का दाबून ठेवलाय?”

फिटर बरोबर आला होता. डाव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी, हात गळ्यात अडकवलेला. त्याला रजा होती, पण घरी बसून करमेना म्हणाला. “पूर्ण उघडला तर वरची टाकी भरून वाहते, साहेब. पहिल्यापासून असाच असतो.”

“पहिल्यापासून?”

“मी लागलो तेव्हापासून तरी.” तो बोलत होता, पण पंपाच्या जवळ येत नव्हता. थोरल्यांनी ते पाहिलं. फिटरच्याही ते लक्षात आलं. तो थोडा ओशाळला. “आता हा आवाज ऐकला ना, की पाय आपोआप वळतात. उद्या पट्टी सुटेल, पण इथे उभं राहायचंच जिवावर येतं.”

थोरले तिथल्याच एका पालथ्या पिंपावर बसले. त्यांना चिडायला हवं होतं, पण चिडायलाही अंगात जोर लागतो. हा रोग त्यांनी इतक्या ठिकाणी पाहिला होता की आता त्याचं नाव घ्यायचाही कंटाळा आला होता. पंपाला एक ठरलेलं काम असतं. तेवढं करू दिलं की तो वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. पण लोक काय करतात, तर मोठाच्या मोठा पंप आणतात आणि मग तो जास्त ओकतो म्हणून त्याचं तोंड दाबून धरतात. जे बाहेर जाऊ शकत नाही ते आतल्या आत घुसळत राहतं. त्याच्या रेट्याने पंपाच्या आतला पंखा फिरवणारा दांडा एका अंगाला ढकलला जातो, थरथरायला लागतो. दांडा जिथून बाहेर येतो तिथे गळू नये म्हणून सील बसवलेलं असतं, त्यात केसाएवढी फट पडते. त्या फटीत एक खडा शिरला की खेळ आटोपला.

धाकट्यांच्या केबिनमध्ये एसीचा वारा थेट मानेवर येत होता. थोरल्यांनी खुर्ची सरकवली आणि सांगून टाकलं, “तुम्हाला दीडपट नको. लहान पाहिजे. बराच लहान.”

धाकटे खुर्चीत पुढे सरकले. “चेष्टा करायची ही वेळ आहे का?”

“पोराला शाळेचे कपडे घेताना वाढत्या अंगाचे घेतात ना, तसा तुमच्याकडे वाढत्या अंगाचा पंप घेतलाय. पोरगं काही वाढलं नाही. बाह्या दुमडून दुमडून चाललंय.”

“शंभराचा पंप टिकत नाही म्हणून मी दीडशेचा मागतोय, आणि तुम्ही…”

“टिकत नाही ना? कमी तर पडत नाही? या दोन निराळ्या गोष्टी आहेत, प्लँटवाले. तासाला शंभर घनमीटर हवेत, हे कुणी सांगितलं?”

“कागदावर आहे.”

“कागदावर कुणी घातलं?”

धाकट्यांना ते ठाऊक नव्हतं. ते प्रमुख होऊन आले तेव्हा शंभर तिथे होतेच, भिंती आणि खांब असतात तसे.

थोरले आपल्या कारखान्यात परतले तर त्यांच्या साहेबांनी वेगळाच सूर लावला. गिऱ्हाईक मोठा मागतंय तर मोठा द्या, आपण मागितलं ते दिलं, पुढचं त्यांचं ते बघतील. साहेब वयाने थोरल्यांच्या भाच्याएवढे होते आणि बोलत होते ते धंद्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. मागणीप्रमाणे माल दिला की कुणी तुमच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. थोरल्यांनी निम्म्या नोकरीत हेच केलं होतं. या वेळी ते “बघतो” एवढंच म्हणाले आणि धाकट्यांना फोन करून सांगितलं, की त्या शंभरात ज्यांचा ज्यांचा हात लागलाय त्यांना एका टेबलाभोवती बसवा.

बैठक भरली. हिशेब मांडणारा प्रोसेसवाला होता, प्लँट उभारताना यंत्रं ठरवणारे प्रोजेक्टवाले होते, खरेदीच्या बाई होत्या. चहा आला आणि कुणी कपाला हात लावायच्या आत थोरल्यांनी विचारलं, “शंभरात तुमच्या पदरचे किती?”

तिघांनीही कानावर हात ठेवले. आमच्या पदरचे काही नाहीत, आमच्याकडे आलं तेच आम्ही पुढे दिलं. प्रोजेक्टवाल्यांनी तर असा चेहरा केला की जणू कुणी त्यांच्या घरात शिरून भांडी मोजायला लागलंय. थोरल्यांना हे अपेक्षितच होतं. त्यांनी चहा पिऊन घेतला, तो निवून गेला होता, आणि मग स्वतःच्याच धंद्यापासून सुरुवात केली.

“मग माझ्यापासून सांगतो. आम्ही पंपवाले नव्वदाचा मागितला आणि नव्वदाचं माप नसलं की शंभराचं देतो. ऐंशीचं कधी देत नाही. कमी पडला तर शिव्या आम्हाला, जास्त झाला तर कुणी बोलत नाही. आता तुम्ही नव्वद कुठून आणले ते सांगा.”

यावर खरेदीच्या बाई जरा सैल झाल्या. “माझ्याकडे अठ्ठ्याऐंशी आले होते. अठ्ठ्याऐंशी काय लिहायचं, म्हणून मी नव्वद केले. त्यात काय चुकलं?”

“काही नाही चुकलं. अठ्ठ्याऐंशी कुणाचे?”

प्रोजेक्टवाले खाकरले. “आमच्याकडे ऐंशी होते. पाइप जुने होतात, आत खडे बसतात, म्हणून आम्ही दहा टक्के घालतो. पद्धतच आहे ती.”

“आणि ऐंशी?”

प्रोसेसवाला सगळ्यांत तरुण होता आणि मघापासून पेनाचं टोपण चावत होता. “माझा मूळ हिशेब साठाचा. आकडा थोडा जरी चुकला तर आमच्याच नावाने शंख होतो, म्हणून दहा टक्के घातले. शिवाय पुढेमागे प्लँट वाढवायचं चाललं होतं, उरलेले त्याचे.”

“प्लँट वाढला?”

“नाही,” धाकटे म्हणाले. ते कपाळ दोन्ही हातांत धरून बसले होते.

यात एकही माणूस लबाड नव्हता. लबाडाला निदान गाठता तरी येतं. इथे जो तो सावध होता, प्रत्येकाने आपल्यापुरती काळजी घेतली होती, आणि सगळ्यांच्या काळजीची बेरीज एका फिटरच्या हातावर जाऊन सांडली होती. थोरल्यांनी हे बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तिघंही उठून गेले असते आणि त्यांना अजून एक काम करून घ्यायचं होतं. त्यांनी वरच्या टाकीतून पुढे जाणारा रस्ता थोडा वेळ बंद करायला लावला आणि व्हॉल्व्ह नेहमीइतकाच दाबून पंप चालू ठेवून टाकीतली पातळी किती चढते ते सगळ्यांसमोर मोजलं. साठाला थोडे कमीच भरले. प्रोसेसवाल्याच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद पसरला.

मग थोरल्यांनी पंप ठरवला. साठाचा, सावकाश फिरणारा, खड्यांनी झिजणार नाही अशा कठीण धातूचा. सीलपाशी स्वच्छ पाण्याची बारीक धार सतत राहील अशी सोय, म्हणजे खडे तिकडे फिरकणारच नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. घोडं अडलं ते सहीपाशी. साठाच्या आकड्याखाली कुणाची तरी सही हवी होती.

प्रोसेसवाला म्हणाला, आकडा बरोबर आहे, पण मार्जिन न धरलेल्या आकड्यावर आमच्या खात्यात सही करत नाहीत. प्रोजेक्टवाले म्हणाले, आमचं काम प्लँट उभा राहिला तेव्हाच संपलं. बाई म्हणाल्या, आम्ही काय, लिहून द्याल ते आणतो. तिघं एकेक करून उठले, तिघांनाही कुठेतरी जायचं होतं. टेबलावर कप राहिले आणि दोन साडू राहिले.

धाकट्यांनी पेन उघडलं. “निदान सत्तर लिहू का?”

“कशाला?”

“मला झोप लागेल.”

“तुम्हाला लागेल. सत्तर लिहिलेत तर आमच्याकडे सत्तराचं माप नाही. ऐंशीचा येणार, मग तुमची माणसं पुन्हा व्हॉल्व्ह दाबणार, आणि पुन्हा कुणीतरी बाजूला उभं असणार.”

धाकट्यांनी पेन कागदावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. थोरल्यांना त्यांची दया आली. हा माणूस सासरच्या मांडवात पहिल्यांदा दिसला होता तेव्हा काय तोऱ्यात होता, आणि आता एका आकड्यासमोर शाळकरी पोरासारखा बसला होता.

“तुम्ही सांगता म्हणून करू?”

“करा. कमी पडला तर मी आहे.”

धाकट्यांनी साठ लिहिले आणि खाली सही केली.

नवा पंप आला तेव्हा लोक त्याला हसले. मोठ्या पायथ्यावर तो एवढासा दिसत होता. धाकटे चेहरा पाडून उभे होते, थोरले मापाबाहेरचे बूट घालून उभे होते. पंप सुरू केला, वरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, आणि काहीच झालं नाही. म्हणजे नुसती एक घुमणारी, बेताची गुरगुर. वरच्या टाकीची पातळी पाहिजे तिथे जाऊन थांबली. फिटरच्या हाताची पट्टी सुटली होती, नवी कातडी गुलाबी दिसत होती. तो हळूहळू जवळ आला, तोच हात त्याने बेअरिंगवर ठेवला आणि तसाच ठेवून शेजारच्याशी दुसऱ्याच कसल्यातरी गप्पा मारू लागला. थोरल्यांना फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत असं निखळ बरं वाटायचे प्रसंग थोडेच आले होते.

त्यानंतर प्लँट एकदाही बंद पडला नाही. धाकट्यांनी सासूबाईंसमोर थोरल्यांचं तोंड भरून कौतुक केलं. सासूबाईंनी ओळख करून द्यायचं जुनं वाक्यसुद्धा थोडे दिवस बाजूला ठेवलं.

पुढे वरच्या कचेरीतून तपासणीला माणसं आली. त्यांच्यात कुणी दुष्ट नव्हता. एवढे दिवस प्लँट बंद का पडत होता आणि आता का पडत नाही, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यांनी धाकट्यांना समोर बसवून विचारलं, साठाचा पंप पुरतो म्हणता, मग शंभराचा इतकी वर्षं का चालवला? तीन वेळा फुटला तोवर गप्प का बसलात? माणूस भाजेपर्यंत का थांबलात? धाकट्यांनी सगळं सांगितलं, दहा टक्के, पाइपांचे खडे, अठ्ठ्याऐंशीचे नव्वद. त्या लोकांनी बाकीच्यांना बोलावलं. बाकीच्यांनी सांगितलं की आम्ही फक्त काळजी घेतली. काळजी घेतली म्हणून कुणाला दोष देतात का? शंभर नव्हे तर साठ, असं लिहून ज्याखाली सही केलेली होती असा कागद एकच होता आणि त्यावर नाव एकाच माणसाचं होतं. त्यात कुणीतरी, कोण ते कळलं नाही, हळूच कानावर घातलं की नवा पंप साहेबांच्या साडूच्या कारखान्यातून आलाय.

धाकट्यांना काढलं नाही. स्वतःहून जा म्हणून सांगितलं, म्हणजे तेच. महिनाअखेरीला घरही गेलं आणि गाडीही गेली. नवी जागा मिळेपर्यंत दोघं नवराबायको थोरल्यांकडे राहायला आले.

थोरल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. पॅसेजमध्ये दोरीने बांधलेली खोकी एकावर एक रचली होती आणि बाथरूमला जायचं तर अंग चोरून जावं लागे. बायकोची धाकटी बहीण एरवी भाऊजी भाऊजी करत थोरल्यांच्या मागे असायची, ती आता त्यांच्याशी गरजेपुरतं बोलायची. चहा घ्या, टॉवेल वाळलाय, एवढंच. सासूबाई तेव्हा मोठ्या मुलीकडेच होत्या. त्या दोन्ही जावयांकडे आळीपाळीने बघत आणि पुन्हा जपाकडे वळत.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी दोघे साडू बाहेरच्या खोलीत बसले होते. धाकटे खिडकीशी, थोरले आपल्या खुर्चीत. स्वयंपाकघरातून दोघी बहिणींच्या हालचालींचा आवाज येत होता. थोरल्यांनी कितीदा तरी मनात जुळवलेलं वाक्य शेवटी बोलून टाकलं.

“मला फार वाईट वाटतंय. मी तुम्हाला सही करायला लावली.”

धाकटे खिडकीबाहेरच बघत राहिले. “फिटरचा फोन आला होता सकाळी. पंप झकास चाललाय म्हणाला.”

“हं.”

“खरं सांगू? तो कमी पडला असता तर बरं झालं असतं.”

थोरल्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

“कमी पडला असता तर म्हणता आलं असतं की साडूने तोंडघशी पाडलं. सगळ्यांना पटलं असतं. ही पण तुम्हाला चार शब्द सुनावून मोकळी झाली असती. आता काय? तुमचं बरोबर होतं. पंप बरोबर आहे. तो फिटर पंपाला टेकून उभा राहतो. माझीसुद्धा सही बरोबर आहे. रात्री पडल्या पडल्या मी माणूस शोधत असतो, आणि एकही सापडत नाही. भांडू कोणाशी मी?”

थोरल्यांना वाटलं, इथे काही शहाणपणाचं बोलावं. तुमच्यासारख्याला दुसरीकडे लगेच मिळेल, किंवा सत्याची बाजू कधी ना कधी, असं काहीतरी. हे सगळं तोंडापर्यंत आलं आणि त्यांना स्वतःचाच वीट आला. ते थकलेले होते, तरी खुर्चीत सरळ बसले.

“माझ्याशी भांडा,” ते म्हणाले.

“काहीतरीच.”

“काहीतरी नाही. भांडा.”

धाकटे कसंनुसं हसले. मग हसू थांबलं. ते खिडकीपासून वळले.

“तुमचं काय गेलं पण?” ते म्हणाले. “तुमचं काय गेलं, सांगा ना. कमी पडला तर मी आहे म्हणालात. मोठ्या तोऱ्यात म्हणालात. कमी पडला तर तुम्ही होतात. आणि पुरला तर? पुरला तर कोण होतं माझ्यामागे? हे मला नाही सुचलं विचारायला, मी घाबरलेला होतो. पण तुम्हाला सुचायला हवं होतं. तुम्ही असले दहा प्लँट पाहिलेत, सही करणाऱ्याचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत होतं. नव्हतं माहीत?”

थोरल्यांनी मान खाली घातली. “होतं,” ते म्हणाले.

धाकट्यांचा आवाज चढला. स्वयंपाकघरातले आवाज थांबले. दोघी बहिणी दारात येऊन उभ्या राहिल्या, धाकटीच्या हातात ओलं ताट तसंच होतं, आणि थोरली नवऱ्याच्या मदतीला पुढे यायला निघाली. थोरल्यांनी तिला हातानेच थांबवलं.

“बोलू दे त्यांना,” ते म्हणाले.

आणि धाकटे बोलत राहिले.